अंतरपाटाच्या अलीकडे

गेल्या वैशाखांत मेहकरच्या बाजूला एका लग्नास मी कामानिमित्त गेलों होतों. कामानिमित्त म्हणण्याचें कारण असें कीं, मी फोटोवाला आहें. आणि नुसतें जेवण्यासाठीं म्हणून एखाद्या लग्नास जाण्याचा योग मला गेल्या तीस वर्षांत क्वचितच आला आहे. मुहूर्ताची घटका भरत आली. भटजींनीं अंतरपाट धरण्यास सांगितलें. कुंकवाचें स्वस्तिक काढलेलें तें पांढरें वस्त्र वधूवरांच्या मध्यें ताणलें गेलें. पलीकडे हार घेऊन मुलगा, अलीकडे मान खालीं घातलेली मुलगी. मंगलाष्टकें संपेपर्यंत एकमेकांचें तोंड पाहावयाचें नाहीं असा शिरस्ता. आणि नेमक्या त्याच वेळीं, त्यांच्या पाठीमागें लावलेल्या बाराफुटी उजळ पडद्यावर तींच दोघें लोणारच्या सरोवराच्या कांठानें हातांत हात घालून धांवत होतीं! मध्येंच तो थांबे, तिला उचलून गरगर फिरवी, आणि तिची लांबलचक ओढणी वाऱ्यावर सावकाश तरंगत राही. मांडवांतल्या चार-पांचशें माणसांच्या हातांत अक्षता होत्या. डोळे मात्र पडद्याकडे होते. माझ्या कोपराशीं खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. तिनें एकदां पडद्याकडे पाहिलें, एकदां अंतरपाटाकडे पाहिलें, आणि मग माझी बाही ओढून विचारलें, "काहो बापू, एकमेकाले पाह्यचं नाही म्हणता, मंग थे तिकडचे कोन व्हय?"

तें चलच्चित्र मींच घेतलेलें होतें. ती ओढणीहि माझ्या दुकानांतली. गेल्या चार वर्षांत तिनें निदान साठ मुलींच्या खांद्यांवर बसून हवा खाल्ली असेल. अक्षता पडण्याचा क्षण चुकला तर दुसऱ्यांदा मिळत नाहीं, या सबबीवर मीं म्हातारीला उत्तर देण्याचें टाळलें. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला, आणि अजून गेलेला नाहीं.

माझ्या वडिलांवर असा प्रसंग आला नसता. त्यांनीं लोणारांत दुकान घातलें त्याला आतां पन्नास वर्षें होऊन गेलीं. एक लांबट खोली, तिच्या टोकाला पडदा, आणि पडद्यावर अकोल्याच्या एका पेंटरनें रंगविलेलें निळेंशार तळें; तळ्यांत दोन राजहंस, कांठाला संगमरवरी कठडा. त्या पेंटरनें लोणार पाहिलेलें नव्हतें. दुकानापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर जगांतलें एक अपूर्व सरोवर पसरलेलें असतांना, वीस वर्षें आमच्या गांवचीं नवीं जोडपीं त्या रंगीत तळ्यापुढें उभीं राहून फोटो काढून घेत होतीं, आणि यांत कांहीं विपरीत आहे असें कोणासहि वाटलें नाहीं. लहानपणीं मला स्वतःलाहि नाहीं. जें रोज दिसतें तें फोटोंत कशाला, असाच त्या वेळचा समज होता.

जोडपें येई तें लग्नानंतर, पहिल्या किंवा दुसऱ्या बाजाराच्या दिवशीं. तो खुर्चीवर बसे. ती बाजूला उभी राही, आणि तिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला असे. नवऱ्याच्या खांद्यावर नव्हे, खुर्चीच्याच पाठीवर. दोघांच्या मध्यें वीतभर अंतर राही आणि वडील तें कधीं मोडीत नसत. "हंसा" असें त्यांनीं कोणाला सांगितल्याचें मला आठवत नाहीं. "डोळे मिटूं नका" एवढेंच ते म्हणत. बाहेरच्या कामासाठीं त्यांच्याजवळ आगफाचा क्लिक थ्री होता. त्याच्या एका फिल्मवर बाराच फोटो निघत, आणि एकानें डोळे मिटले कीं फिल्मचा बारावा हिस्सा बुडाला, असा तो रोकडा हिशेब होता. ते जुने फोटो अजून माझ्या कपाटांत आहेत. त्यांतलीं माणसें उशीर झालेल्या एस. टी. ची वाट पाहत उभीं असल्यासारखीं दिसतात. परंतु त्यांच्या तोंडावर नसलेला भाव आणलेला नाहीं, हें मला मान्य करावें लागतें.

दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं बडोद्याला फोटोचा धंदा करीत होते. कॅमेरा माणसाचें आयुष्य ओढून घेतो अशी तेथील लोकांची समजूत असल्यामुळें तो धंदा चालला नाहीं, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. आतां ती भीति पार उलटली आहे. फोटो निघाला नाहीं तर आयुष्यांतला तो दिवसच निसटला, असें माझ्या गिऱ्हाइकांना वाटतें. त्यांच्या या नव्या भीतीवर माझी चूल पेटते, म्हणून तिला नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं.

लोणारला जोडपीं कशाला येतात हें बाहेरगांवच्या वाचकांना सांगितलें पाहिजे. आमचें सरोवर म्हणजे आकाशांतून कोसळलेल्या एका धोंड्यानें दख्खनच्या काळ्या कातळांत पाडलेला खळगा. या कांठापासून त्या कांठापर्यंत अठराशें मीटर रुंद आणि सुमारें दीडशें मीटर खोल. बसाल्टमध्यें उल्कापातानें झालेलीं अशीं विवरें पृथ्वीच्या पाठीवर फार थोडीं, आणि त्यांत हें उत्तम टिकलेलें. पुराणांतला लवणासुर येथेंच दडला होता आणि विष्णूनें त्याला येथेंच मारलें, म्हणून गांवांत दैत्यसूदनाचें देऊळ आहे. 1823 सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या विवराची नोंद केली, आणि तेव्हांपासून तें पाश्चात्य विद्वानांच्या नजरेंत आलें. पूर्वीं गाईड विवराचें वय बावन्न हजार वर्षें सांगत. 2010 च्या सुमारास नवी मोजणी झाली आणि तेंच वय पांच लाख सत्तर हजार वर्षांवर गेलें. आमच्या गाईडांनीं हा बदल एका शब्दानेंहि कुरकूर न करतां स्वीकारला. उतारांवर सागाचें आणि सीताफळाचें रान, मोर, वानरें. तळाशीं कमळजादेवीचें देऊळ. आणि मध्यें तें हिरवट, खारट, साबणासारखें बुळबुळीत पाणी. त्याला एक उग्र वास येतो, पण तो फोटोंत उतरत नाहीं.

2020 च्या जून महिन्यांत या पाण्यानें एकाएकीं गुलाबी रंग धारण केला. पाऊस लांबलेला, पाणी आटलेलें, खारटपणा वाढलेला; अशा पाण्यांत वाढणाऱ्या मिठप्रिय सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें तपासून सांगितलें. तो टाळेबंदीचा काळ होता. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा, आणि मी दुकान बंद करून घरीं बसलेला. जगभर लोणारचे गुलाबी फोटो गेले, त्यांत माझा एकहि नव्हता. पावसाळ्यानंतर पाणी पुन्हां हिरवें झालें, परंतु पुढचीं दोन वर्षें माझ्याकडे येणारीं जोडपीं पहिला प्रश्न विचारीत, "काका, गुलाबी केव्हां होतं?" मी सूक्ष्म जीवांची हकीकत सांगूं लागलों कीं मुलगा म्हणे, "असूं द्या, तुम्ही संगणकावर करून द्या." मीं करूनहि दिलें आहे. कित्येक घरांच्या भिंतींवर आज गुलाबी लोणारच्या कांठावर उभीं असलेलीं जीं जोडपीं आहेत, त्यांच्यापैकीं एकानेंहि तें गुलाबी पाणी पाहिलेलें नाहीं. अकोल्याच्या पेंटरला हंसण्याचा माझा हक्क त्या दिवसापासून संपला.

विवरांत काम करणाऱ्याला आणखी एका गोष्टीचें भान ठेवावें लागतें, आणि पुढें जें सांगावयाचें आहे त्याच्याशीं तिचा संबंध आहे, म्हणून ती येथेंच सांगतों. वर गांवांत ज्या वेळीं सूर्य मावळतो, त्याच्या कितीतरी आधीं तो खालीं मावळलेला असतो. पश्चिमेच्या कड्याखालीं असलों तर तास-दीड तास आधींच ऊन जातें. कड्याची सांवली पाण्यावर उतरते, आणि पाहतां पाहतां पाणी ओलांडून समोरच्या रानावर चढूं लागते. शेवटचीं वीस-पंचवीस मिनिटें उजेड असा कोंवळा पडतो कीं साध्या चेहऱ्यालाहि कळा येते. त्या वीस मिनिटांसाठीं आम्ही दिवसभर चढउतार करीत असतों. त्या वेळीं फोटोवाल्याच्या अंगांत येतें म्हटलें तरी चालेल. बायको आजारी असली तरी ती त्या वीस मिनिटांत त्याला आठवत नाहीं.

जोडपें सकाळीं येतें. बरोबर मुलीचा धाकटा भाऊ, किंवा मुलाची बहीण, किंवा दोन्ही. खांद्यावर कपड्यांच्या पिशव्या. आणि मुलाच्या मोबाइलवर नमुने. त्या नमुन्यांत हिमालय असतो, समुद्र असतो, परदेशांतलीं पिवळीं फुलें असतात. कांहीं जण आधीं दैत्यसूदनाचें दर्शन घेतात. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर मिथुनशिल्पें आहेत. तेथून जातांना मुलगी खालीं पाहते, मुलगा उगीचच कळसाकडे पाहतो, आणि धाकट्या भावाला कोणी तरी पाणी आणावयास पाठवितें. पुढें तासाभरानें, खालीं बाभळींच्या आड, मी त्याच दोघांना साधारण तशाच ठेवणींत उभें करीत असतों! दगडांतल्या जोडप्यांनाहि अशीच वांकवून, मान वळवून कोणी तरी उभें केलें असेल. त्या माणसालाहि "जरा जवळ या" असें सांगावें लागलें असेल काय, असा विचार पुष्कळदां माझ्या मनांत येतो.

"जरा जवळ या." "तिच्या केंसांवरून हात फिरवा." "आतां तिच्या कानांत कांहीं तरी सांगा." माझा दिवस असल्या वाक्यांत जातो. हीं दोघें एकमेकांना दोनदां भेटलेलीं असतात. एकदां पाहण्याच्या कार्यक्रमांत, पोह्यांच्या बशा घेऊन बसलेल्या वीस माणसांसमोर, आणि एकदां साखरपुड्यांत, दोनशें माणसांसमोर. एका मुलाला मीं "कानांत कांहीं तरी सांगा" म्हटलें, तेव्हां तो अगदीं रडकुंडीस येऊन म्हणाला, "काय सांगू?" मी वैतागलेला होतों. म्हटलें, "कांहींहि सांगा. पाढे म्हणा." त्यानें खरोखरच तिच्या कानाशीं लागून तेराचा पाढा सुरू केला. तेरा चोक बावन्नपर्यंत ती गंभीर होती. तेरा सत्ते एक्याण्णव येतांच ती इतकी हंसली कीं तिचा तोल गेला, आणि त्यानें तिला सांवरलें. तो फोटो माझ्या दुकानाच्या दर्शनी भागांत सात वर्षें लागलेला आहे. तो पाहून लोक म्हणतात, प्रेम असावें तर असें. मी कांहीं बोलत नाहीं.

या सर्वाचा मला कंटाळा येत नाहीं काय? येतो. या चालीवर बंदी घालावी असे ठराव अलीकडे कित्येक समाजांच्या बैठकींत होऊं लागले आहेत. ते वाचून पोटावर पाय येतो म्हणून राग येतो, आणि राग ओसरल्यावर त्यांतलें बरेंच खरें वाटतें. मुलीच्या बापाच्या खर्चांत आणखी एक बाब वाढली, हें खरें. जें दोघांमध्यें अजून जन्मलेलें नाहीं त्याचा देखावा पांचशें लोकांना दाखवावयाचा, हेंहि खरें. परंतु ठराव करणारांपैकीं कोणी त्या दिवशीं विवरांत आमच्याबरोबर उतरलेला नसतो. त्यांना एक गोष्ट ठाऊक नाहीं, आणि ती मलाहि पुष्कळ उशिरां कळली.

आमच्यासारख्या गांवांत लग्न ठरलेल्या मुलामुलींना एकमेकांशीं बोलण्याला जागा नाहीं. फोन आहे, पण फोनवर बोलणें घरांतल्या भिंतींना ऐकूं जातें, आणि फोनवर माणूस बोलतांना कसा दिसतो तें कळत नाहीं. तीं हॉटेलांत बसलीं तर संध्याकाळच्या आंत दोन्ही घरीं वार्ता पोंचते. मात्र "फोटो काढावयाचे आहेत" असें म्हटलें कीं तींच घरें, तेच आईबाप, सकाळीं सात वाजतां डबा बांधून देतात. फोटोवाला बरोबर आहे, मग काळजी कसली! जुन्या काळीं मुलीबरोबर पाठराखीण जात असे, तशी हल्लीं माझी नेमणूक झालेली आहे. आणि मी तिपाई उचलून वीस पावलें पुढें चालूं लागलों, कपडे सांभाळणारा धाकटा भाऊ वानरांच्या मागें लागला, कीं त्या उतरणीवर तीं दोघें आयुष्यांत प्रथमच एकटीं असतात. पाठीमागून आवाज ऐकूं येतात. प्रथम पायांखालचे दगड, मग "सांभाळून" असा एखादा शब्द, मग बराच वेळ कांहीं नाहीं. आणि मग कोणी तरी एकजण बोलूं लागतें. तें बोलणें मी ऐकत नाहीं. पण तें सुरू झालें हें न वळतांहि समजतें, कारण पावलांची गति मंदावते.

हें मला समजूं लागलें होतें, पण तें कामाच्या आड येतां कामा नये असें मी मानीत होतों. तीन वर्षांपूर्वींचा माघ महिना असेल. मुलगी लोणार तालुक्यांतली. परिचारिकेचें शिक्षण पुरें करून नुकतीच नोकरीला लागलेली. मुलगा सिंदखेडराजाच्या बाजूचा; शेती होती आणि एका दुकानांत हिशेबाची नोकरीहि होती. सिंदखेडचें नांव निघालें म्हणून मीं त्यांना गंमतीनें म्हटलें कीं, आपल्या जिल्ह्यांतला सर्वांत प्रसिद्ध साखरपुडा तुमच्याच गांवीं झाला. ती बखरींतली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत रंगपंचमी चाललेली. लहानगी जिजाऊ आणि लहानगा शहाजी एकमेकांवर रंग उडवीत होतीं. तें पाहून जाधवराव सहज म्हणाले, जोडा कसा शोभतो! लगेच मालोजीराजे उठून उभे राहिले आणि सभेला म्हणाले, ऐकलेंत ना, आमची सोयरीक ठरली. जाधवरावांच्या घरांत पुढें त्यावरून बराच कलह माजला असें सांगतात. मला या गोष्टींत नेहमीं एकच दिसतें. दोन मुलें शेजारीं शेजारीं बसलीं, तें दृश्य चांगलें दिसलें, आणि त्या दिसण्याचा कोणी तरी शब्द धरला. मुलगा हंसला. मुलगी म्हणाली, "म्हणजे त्या दोघांना कोणी विचारलंच नाही." मीं तिपाई उचलली.

दुपारपर्यंत काम ठीक झालें. चारच्या सुमारास तीं दोघें पायऱ्यांवर बसलीं. मी थोडा वर होतों. सांवली पाण्यावर उतरूं लागली होती, आणि माझा जीव त्या सांवलीकडे लागलेला. लांबची कांच लावून मीं त्यांचा एक फोटो घेतला. त्यांना कळलें नाहीं. त्याच्या हातांत वाळलेली काटकी होती आणि तो पायरीवर रेघा ओढीत बोलत होता. तीं बसलीं, बसलीं, अर्धा तास झाला. ऊन समोरच्या रानाच्या निम्म्यावर चढलें. मीं हाक मारली, "चला, उजेड जातोय! बोलणं काय, जन्मभर आहेच." तो चटकन उठला. माझें तें वाक्य त्याला सोयीचें वाटलें असावें, असें आतां वाटतें. पुढच्या वीस मिनिटांत मीं त्या वर्षांतले उत्तम फोटो काढले.

चैत्रांत तें लग्न मोडलें. आमच्या गांवांत अशी बातमी दुकानाच्या पायरीवर आपोआप येऊन बसते. पत्रिका छापून झाल्या होत्या, मंगल कार्यालयाला विसार दिलेला होता, आणि मुलीच्या वडिलांचे त्यांत बरेच पैसे गुंतले होते. विसार परत मिळाला नाहीं.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं ती मुलगी दुकानांत आली, एकटीच. सर्व फोटो पुसून टाका म्हणाली. वडिलांच्या काळीं हें काम सोपें होतें; निगेटिव्ह कात्रीनें कापली कीं संपलें. एकदां एका बाईच्या समोर त्यांनीं ती कापून तुकडे तिच्याच ओंजळींत दिल्याचें मला आठवतें. आतां फोटो संगणकांत, जुळ्या तबकडींत, त्याच्या मोबाइलवर, त्याच्या बहिणीच्या मोबाइलवर! माझ्याकडचे मी पुसतों, पलीकडचें माझ्या हातीं नाहीं, असें मीं तिला सांगितलें. तिनें मान हलविली. चौदाशें फोटो होते. ते एकदम पुसतां आले असते. पण तिला ते एकेक पाहावयाचे होते. ती स्टुलावर बसली. ओढणीचे, धांवण्याचे, उचलून घेतल्याचे फोटो ती परक्या मुलीचे पाहावे तसे पाहत होती. मग पायऱ्यांवरचा तो फोटो आला.

"हा केव्हा काढला?"

"तुम्हांला हाक मारण्याच्या आधीं."

ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, यात तो मला सांगत होता. लग्नानंतर माझी नोकरी चालणार नाही, असं त्यांच्या घरी ठरलं होतं. साखरपुड्याच्या आधीच ठरलं होतं. बिचाऱ्याला सांगायचं होतं. नुसतं 'आईचं असं म्हणणं आहे' इथपर्यंत आला होता."

मीं हाक मारली नसती तर, असें कांहीं तरी मीं पुटपुटलों. मला वाटलें, ती म्हणेल कीं तसें झालें असतें तर आमचें जुळलें असतें. ओझें उचलण्याच्या तयारीनें मी उभा होतों.

"तर त्याच दिवशी मोडलं असतं," ती म्हणाली. "पत्रिका छापायच्या आधी. बाबांचे पैसे वाचले असते."

त्या बोलण्यांत राग नव्हता. हिशेब होता, आणि तो बरोबर होता. वीस मिनिटांच्या उजेडासाठीं मीं एका बापाचा विसार बुडविला होता. मीं तिच्याकडून दिवसाचे पैसे घेतलेले होते ते परत देऊं केले. तिनें घेतले नाहींत. तो फोटो पडद्यावर तसाच होता. खरें सांगावयाचें तर तो एकच ठेवावा असें माझ्या मनांत आलें. तीस वर्षांत मीं काढलेल्या जोडप्यांच्या फोटोंत, दोन माणसें एकमेकांना कांहीं तरी खरें सांगत आहेत असा तो एकटाच असेल. तिनें माझ्या तोंडाकडे पाहिलें.

"हा पण," ती म्हणाली.

मीं तो पुसला. तिच्या समोरच, दोन्ही ठिकाणचा.

आतां मीं माझ्या कामाच्या रीतींत थोडा फेरफार केला आहे. तो कोणत्याहि दरपत्रकांत लिहिलेला नाहीं आणि त्याचा आकार मी लावीत नाहीं. विवराच्या तळाशीं पोंचलों, डबे सोडून खाणें झालें, कीं मी खिसे चांचपतों आणि एकदम आठवल्यासारखें करून म्हणतों कीं, बॅटरी वर गाडींतच राहिली. मला यावयाला तास तरी लागेल. तुम्ही येथेंच सांवलींत बसा. मग मी सावकाश चढूं लागतों. माझें वय झालें आहे, गुडघे धरतात. तासाला कधीं दीड तास लागतो. त्या अवधींत खालीं काय बोलणें होतें तें मला ठाऊक नाहीं. एका जोडप्याचें पुढें मोडलें. त्याचा साखरपुडा तेवढा झाला होता, पत्रिका छापावयाच्या होत्या. बाकीचीं बहुतेक संसाराला लागलीं. माझी गुरुकिल्ली होती ती वीस मिनिटें मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस हातची जाते, आणि माझे फोटो पूर्वींइतके चांगले येत नाहींत असें गिऱ्हाइकें आपसांत बोलतात.

गेल्या पौषांत असाच बॅटरी आणावयास निघालों. मुलीचा भाऊ बरोबर होता, दहा-अकरा वर्षांचा. माझी पिशवी मोठ्या अभिमानानें सांभाळीत होता. मीं चार पायऱ्या चढल्या असतील नसतील, तोंच तो पिशवीची साखळी उघडून मोठ्यानें ओरडला, "काका! बॅटऱ्या तर इथंच आहेत! तीन आहेत!"

मीं परत उतरलों, त्याच्या खांद्यावर तिपाई दिली आणि त्याला बरोबर घेतला.

"त्या उतरलेल्या आहेत," मीं सांगितलें. "चल वर."

तो सबंध वाटभर मला विचारीत होता कीं, तिन्ही कशा एकदम उतरल्या.